शिष्यवृत्ती मार्चमध्ये येते, फी मात्र जूनमध्ये भरावी लागते: सीमाभागातील पालक आणि विद्यार्थ्यांसाठी धागा

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत मी ३१ वर्षे शिकवले. निवृत्त झाल्यावर गावातील आणि आजूबाजूच्या वाड्यांतील मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले, कारण अर्ज कन्नड आणि इंग्रजीत असतो आणि मराठी शाळेत शिकलेल्या आईवडिलांना त्यातील रकाने धडपणे वाचता येत नाहीत. या कामात जे दिसले, ते एकदा सविस्तर लिहावे आणि तुमचेही अनुभव यात यावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने पीयूसीला, म्हणजे बारावीला, वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळवले. वडील गवंडीकाम करतात. बेळगावातील कॉलेजमध्ये बी. कॉम.ला प्रवेश मिळाला, तेव्हा पहिल्या हप्त्याचे १४ हजार रुपये चार दिवसांत भरायचे होते आणि घरात सहा हजार होते. आईने बोरमाळ सोसायटीत तारण ठेवली आणि प्रवेश झाला. मुलगी शिष्यवृत्तीला पात्र होती, अर्ज वेळेत भरला होता, कागदपत्रांत एकही चूक नव्हती, आणि पैसेही आले. पण ते आले मार्चच्या अखेरीस. म्हणजे सरकारने जे द्यायचे ते सगळे दिले, तरीही त्या माउलीची बोरमाळ नऊ महिने सोसायटीच्या तिजोरीत राहिली आणि तिच्यावर व्याज चढत गेले. अपात्र ठरून मदत हुकलेली मुले मी पाहिली आहेत, पण पात्र असूनही जून ते मार्च ही खिंड ओलांडता न आल्यामुळे प्रवेशच न घेतलेली मुले त्याहून जास्त पाहिली आहेत. म्हणून शिष्यवृत्ती आणि बचत या दोन गोष्टींचा विचार एकत्रच केला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आपल्याकडे मदत एका दारातून येत नाही. सर्वात मोठे दार म्हणजे कर्नाटक सरकारचे राज्य शिष्यवृत्ती पोर्टल, ज्याला सगळे एसएसपी म्हणतात. समाजकल्याण, आदिवासी कल्याण, मागासवर्ग कल्याण आणि अल्पसंख्याक कल्याण या खात्यांच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्त्यांचा अर्ज तेथेच भरावा लागतो. अर्जात विद्यार्थ्याचा आणि आईवडिलांचा आधार क्रमांक, एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, नोंदणी क्रमांक आणि नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, मिळालेल्या जात व उत्पन्नाच्या दाखल्यांवरील आर. डी. क्रमांक लागतो. हा आर. डी. क्रमांक टाकल्यावर दाखल्यातील माहिती पोर्टल आपणच ओढून घेते, त्यामुळे दाखल्यात जे चुकले असेल, तेच अर्जात चुकते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. आपण मराठी भाषक कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक आहोत, म्हणून अल्पसंख्याक कल्याण खात्याची शिष्यवृत्ती आपल्याला मिळेल, असे अनेक पालक समजतात. ती शिष्यवृत्ती धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहे. आपल्या भागातील मुस्लिम, ख्रिश्चन आणि जैन विद्यार्थ्यांना ती मिळते, पण मराठी ही मातृभाषा असल्यामुळे कोणालाही मिळत नाही. मराठा समाज कर्नाटकच्या यादीत ३ब प्रवर्गात आहे आणि कुणबी २अ मध्ये. या दोन्हींचा अर्ज मागासवर्ग कल्याण खात्याकडे जातो. वडिलांच्या आणि शाळेच्या दाखल्यावर जी जात आहे, तिचाच दाखला काढावा. फायद्याचा प्रवर्ग पाहून दुसरा दाखला काढायला कोणी सांगत असेल, तर ऐकू नये. उत्पन्नाची मर्यादा प्रवर्गानुसार वेगळी असते. माझ्या या विद्यार्थिनीच्या वर्षी ३ब साठी ती वार्षिक एक लाख रुपये होती, तर प्रवर्ग १ साठी अडीच लाख. त्यामुळे शेजारच्या घरातील मुलाला मिळाली, म्हणून आपल्यालाही मिळेलच, असे धरून चालू नये.

याच खात्याची विद्यासिरी नावाची योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आणि घरापासून लांब राहून शिकणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला जेवणखाण व निवासासाठी महिन्याला १,५०० रुपये, असे दहा महिने, म्हणजे वर्षाला १५ हजार रुपये, या दराने तिच्यातून मदत मिळत आली आहे. जांबोटी, कणकुंबी या बाजूची जी मुले बेळगावात खोली घेऊन राहतात, त्यांच्यासाठी ही रक्कम फार मोलाची आहे, आणि तरीही वसतिगृहाचा अर्ज आधी न केल्यामुळे तिच्यापासून वंचित राहिलेली मुले माझ्या माहितीत आहेत.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली, याचे वाईट वाटते. त्या मुलीचे वडील गवंडी आहेत. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे त्यांची नोंदणी असती, तर मुलांच्या शिक्षणासाठी असलेल्या कलिका भाग्य योजनेखाली वेगळा अर्ज करता आला असता. वीस वर्षे लोकांची घरे बांधणाऱ्या त्या माणसाकडे कामगार कार्ड नव्हते आणि ते काढा, असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

उतारा_नावावर

बाई, फार गरजेचा विषय काढलात. मी बेळगाव तालुक्यातील शेतकरी आहे. आमच्याकडे भात, बटाटा आणि थोडी भाजी होते. रयत विद्यानिधीविषयी लिहितो, कारण त्या योजनेत मी स्वतः दोन वर्षे गमावली.

ही योजना २०२१ मध्ये सुरू झाली. शेतकऱ्याच्या मुलामुलींना पीयूसी, आयटीआय आणि डिप्लोमासाठी मुलाला २,५०० व मुलीला ३,००० रुपये, बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. अशा पदवीसाठी मुलाला ५,००० व मुलीला ५,५००. कायदा, नर्सिंग यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ७,५०० व ८,०००. आणि वैद्यकीय, अभियांत्रिकी व पदव्युत्तर शिक्षणासाठी १० हजार व ११ हजार रुपये, असे तिचे दर ठरले. पुढे भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही तिच्यात घेतले गेले.

तिची खरी चावी म्हणजे शेतकऱ्याचा एफ. आय. डी., म्हणजे फ्रूट्स या शेतकऱ्यांच्या सरकारी नोंदणी प्रणालीतील क्रमांक. तो रयत संपर्क केंद्रात मिळतो आणि त्यासाठी उतारा आपल्या नावावर असावा लागतो. आमची चार एकर जमीन आजोबांच्या नावावर होती. आजोबा वारून अकरा वर्षे झाली होती. आम्ही तिघे भाऊ समजुतीने आपापली पट्टी कसत होतो, कधी वाद नाही, म्हणून वारसा नोंद करण्याची घाईही कोणाला नव्हती. मुलगी डिग्रीला गेली, तेव्हा कळले की सरकारदरबारी मी शेतकरीच नाही. वारसा नोंद करून, उताऱ्यावर नाव चढवून, एफ. आय. डी. काढेपर्यंत तिची दोन वर्षे सरली आणि त्या दोन वर्षांचे ११ हजार रुपये गेले ते गेलेच. ज्यांचा उतारा अजून आजा-पणजाच्या नावावर आहे, त्यांनी मूल आठवीत असतानाच तलाठ्याकडे जावे. भावाभावांत गोडी असते तोवर सह्या लवकर होतात.

तिसरे_वर्ष_बीकॉम

बाई, नमस्कार. मी तुमची विद्यार्थिनी नाही, पण तुम्ही सांगितलेली खिंड मीही ओलांडली आहे. अर्ज मंजूर होऊनही पैसे हातात का येत नाहीत, याविषयी लिहिते.

माझ्या नावात ‘क्ष’ आहे. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेत तो इंग्रजी के-एस-एच असा लिहिला गेला आणि आधारवर एक्स असा. शिवाय गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचे एकच अक्षर होते, तर आधारवर त्यांचे पूर्ण नाव. मराठीत वाचले तर माझे नाव एकच आहे, पण पोर्टलला ती दोन वेगळी माणसे वाटली. गुणपत्रिकेत दुरुस्ती करणे लांबचे काम असते, म्हणून मी आधारमध्ये गुणपत्रिकेप्रमाणे बदल करून घेतला आणि त्यानंतरच अर्ज पुढे सरकला. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या बाबतीत हाच मार्ग सोपा पडतो, पण तो अर्जाची मुदत सुरू होण्यापूर्वी करायला हवा.

दुसरी अडचण याहून विचित्र होती. पहिल्या वर्षी पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचे दिसत होते आणि माझ्या बँकेच्या पासबुकात मात्र एक रुपयाही नव्हता. शाखेत तीन फेऱ्या झाल्यावर एका ताईंनी संगणकावर पाहून सांगितले की माझा आधार क्रमांक दुसऱ्याच खात्याला जोडलेला आहे. अकरावीत असताना एका मोबाइलच्या दुकानात मी सिम घेतले होते. तेथे अंगठा दिला, तेव्हा माझ्या नावे एक पेमेंट खाते उघडले गेले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. सरकारी अनुदान खाते क्रमांक पाहून जात नाही, आधारला शेवटी जे खाते जोडलेले असेल, तेथेच जाते. ते पैसे मी सोडवून घेतले, पण त्यासाठी मे महिना उजाडला. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी आपला आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

ज्यांचे बारावीचे गुण चांगले आहेत, त्यांनी केंद्राची शिष्यवृत्तीही पाहावी. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी जी केंद्रीय शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपेक्षा जास्त नसावे लागते. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२ हजार आणि पदव्युत्तरला २० हजार रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२ हजार नव्या विद्यार्थ्यांना ती दिली जाते आणि त्यांतील निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. राज्याच्या ३ब मध्ये उत्पन्नामुळे बसू न शकणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना ही मिळाली. मात्र दुसरी शिष्यवृत्ती घेत असल्यास ही घेता येत नाही, म्हणून कोणती आपल्याला जास्त देते, याचा हिशेब आधी करावा.

मलप्रभाकाठ

बाळ, तू लिहिलेले ते पेमेंट खात्याचे प्रकरण मी तीन मुलांच्या बाबतीत पाहिले आणि मला त्याचे कारण आजवर उमगले नव्हते. मनापासून आभार.

मुलींसाठी एक भर घालते. दहावी आणि बारावी सरकारी शाळा-कॉलेजातून झालेल्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना अझीम प्रेमजी फाउंडेशनची वर्षाला ३० हजार रुपयांची शिष्यवृत्ती २०२५ पासून कर्नाटकातही मिळू लागली आहे. ही सरकारी मदत नाही, तरी येथे लिहिते, कारण सरकारी मराठी शाळेत शिकणे ही उणीव मानणाऱ्या पालकांनी हे वाचावे, असे मला वाटते.

पोस्टाची_खिडकी

मी टपाल खात्यात काम करतो आणि माझी आतापर्यंतची बहुतेक नोकरी बेळगाव व चिकोडी भागातच झाली आहे. बाईंनी जून आणि मार्च यांमधले जे अंतर सांगितले, त्यासाठी कोणती बचत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच लिहितो.

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल, तर सुकन्या समृद्धी खाते पहिले. २०१५ मध्ये ही योजना आली. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात, पंधरा वर्षे भरावे लागतात आणि खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होते. जानेवारी २०२४ पासून व्याजदर ८.२ टक्के आहे. पालकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते: मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली, की उच्च शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. त्यासाठी प्रवेशाचे पत्र किंवा कॉलेजची फीची चिठ्ठी लागते आणि फीएवढेच पैसे मिळतात. जूनमधल्या त्या चार दिवसांसाठीच जणू ही सोय केलेली आहे. लग्नासाठी म्हणून खाते उघडून अठराव्या वर्षापर्यंत त्याकडे न बघणारी घरे फार आहेत. त्यांना हे सांगा.

कर्नाटकातील दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुलींसाठी भाग्यलक्ष्मी योजना २००६-०७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला आयुर्विमा महामंडळाचे बाँड दिले जात, नंतरच्या मुलींसाठी हीच योजना सुकन्या खात्याशी जोडली गेली. सुरुवातीच्या वर्षांत जन्मलेल्या मुली आता कॉलेजात आहेत, म्हणजे त्यांच्या बाँडची मुदत भरली आहे किंवा भरत आली आहे. अठराव्या वर्षाआधी लग्न झालेले नसावे आणि किमान आठवीपर्यंत शिक्षण झालेले असावे, अशा तिच्या अटी आहेत. कितीतरी घरांत हा बाँड लोखंडी पेटीच्या तळाशी, शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडून असतो. तो शोधा आणि अंगणवाडीमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

मुलगा असेल किंवा मुलगी दहा वर्षांपेक्षा मोठी असेल, तर पोस्टातील पाच वर्षांची आवर्ती ठेव बरी. महिन्याला शंभर रुपयांपासून ती सुरू होते आणि सध्या तिच्यावर ६.७ टक्के व्याज आहे. मूल आठवीत गेल्यावर ठेव सुरू केली, तर पदवीचे पहिले वर्ष सुरू होताना ती हाती येते. बारा हप्ते नियमित भरल्यावर शिलकीच्या निम्मे कर्जही त्याच खात्यावर मिळते, म्हणजे सोने घेऊन सोसायटीत जावे लागत नाही. ज्यांच्याकडे पंधरा वर्षांचा अवधी आहे, त्यांच्यासाठी भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, खाते आहेच. त्यातून सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते, पण मूल नववी-दहावीत असताना ते उघडून कॉलेजच्या वेळी काही उपयोग होत नाही.

रोजगार_हमी

सर, तुमचे म्हणणे खोटे नाही. पण मी आणि माझे यजमान दोघेही रोजंदारीवर जातो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस काम नसते. आठवी ते बारावी पाच वर्षे दरमहा हप्ता भरा, हे ऐकायला बरे वाटते, पण तेल संपले की हप्त्याचे पैसे तेलाला जातात. आमच्यासारख्यांनी काय करावे, तेही कोणी सांगावे. आम्ही पिग्मी भरतो, कारण पिग्मीवाला रोज दारात येतो आणि वीस रुपये असले तरी घेऊन जातो.

पोस्टाची_खिडकी

ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि माझ्या उत्तरात तो राहून गेला, याबद्दल क्षमस्व.

पिग्मीला मी नावे ठेवणार नाही. रोज थोडे-थोडे पैसे दारातून गोळा करण्याची ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला बचत करता यावी, हाच तिचा हेतू होता. फक्त पिग्मी कोणाकडे भरता, ते पाहा. बँक असेल, मग ती सहकारी असली तरी, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्था किंवा सोसायटीतील ठेवीला तो विमा नसतो. माझ्या स्वतःच्या चुलत्यांची मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेली पिग्मी एका सोसायटीत अडकली आणि आज सहा वर्षे ते तिच्या दाराशी हेलपाटे घालत आहेत. म्हणून पिग्मीत वर्षभरात जे साठेल, ते वर्षाच्या शेवटी तेथेच न ठेवता बँकेत किंवा पोस्टात मुदत ठेवीत हलवावे.

दुसरे असे की ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार रुपये घरातील कर्त्या बाईच्या खात्यात येतात. त्यांतील काही भाग घरखर्चाला लागणारच, हे मला समजते. पण त्यातील फक्त एक हजार जरी आवर्ती ठेवीत गेले, तरी पाच वर्षांत साठ हजारांचे सुमारे ७१ हजार होतात. पूर्ण दोन हजार गेले, तर एक लाख २० हजारांचे सुमारे एक लाख ४२ हजार. गृहलक्ष्मीचा हप्ता कधी दोन-दोन महिने एकदम येतो, तेव्हा आवर्ती ठेवीचे पुढचे हप्ते आगाऊ भरून ठेवता येतात. म्हणजे पावसाळ्यात काम नसले, तरी हप्ता चुकत नाही. शिवाय जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे मुलींचा राज्याच्या साध्या बसचा प्रवास फुकट झाला आहे. खानापूरहून बेळगावला रोज येणाऱ्या मुलीच्या पासाचे जे पैसे वाचले, ते वेगळे काढले का, हे घरात एकदा विचारून पाहा.

निपाणीकर

महाराष्ट्राच्या दाराविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते आणि माझी मुलगी अभियांत्रिकीसाठी तिकडेच गेली.

महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेत सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ हा वेगळा प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातील मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेली असावी आणि मातृभाषा मराठी असावी, ही त्याची मुख्य अट. त्यासाठी महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील रहिवासाचा आणि मातृभाषेचा, असे दोन वेगवेगळे दाखले ठरावीक नमुन्यात द्यावे लागतात. हे दोन्ही दाखले कागदपत्र पडताळणीच्या आधी हातात असावेत. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा मातृभाषेचा दाखला दुसऱ्या नमुन्यात होता आणि एवढ्या एका कागदापायी त्याला त्या प्रकारातून प्रवेश मिळाला नाही.

पण पालकांनी दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. प्रवेशातील सीमाभागाची सवलत मिळाली, म्हणजे फीचीही सवलत मिळाली, असे नव्हे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी जाहीर केली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. प्रत्यक्षात ती माफी महाराष्ट्रातील अधिवास, प्रवर्ग आणि आठ लाखांची उत्पन्नमर्यादा यांच्याशी बांधलेली आहे. कर्नाटकातील ३ब किंवा २अ चा दाखला तेथील आरक्षणाला चालत नाही. म्हणून ज्या योजनेवर भिस्त ठेवायची, तिच्या शासन निर्णयात सीमाभागाचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला दाखवून, शक्य तर लेखी घेऊनच प्रवेश निश्चित करावा. मी तोंडी आश्वासनावर गेलो आणि पहिल्या वर्षी पूर्ण फी भरली.

आणि मुलाला अकरावी-बारावीला महाराष्ट्रात पाठवणार असाल, तर परतीचा रस्ताही डोळ्यांसमोर ठेवा. कर्नाटकच्या सीईटीतून सरकारी कोट्यातील, कमी फीची जागा हवी असेल, तर राज्यात किमान सात वर्षे शिक्षण झाल्याचे दाखले लागतात आणि त्यांवर क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असावी लागते.

शाखेतून

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभाग पाहतो. शिष्यवृत्ती आणि बचत दोन्ही अपुरी पडली, तरच कर्जाकडे वळावे, पण वळायचे झाल्यास आपले हक्क माहीत असावेत.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. ‘जमिनीचा उतारा आणा’ असे कोणी म्हटले, तर नम्रपणे लेखी नकार मागावा. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे, कारण गावाकडील बरीचशी पदवी महाविद्यालये त्या यादीत नसतात.

त्याआधी मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी अरिवू कर्जाची चौकशी करावी. देवराज अर्स मागासवर्ग विकास महामंडळामार्फत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी दोन टक्के व्याजाने ते दिले जाते. मराठा समाजासाठी कर्नाटकात स्वतंत्र विकास महामंडळ झाले आहे आणि त्याच्याकडेही अरिवू योजना आहे. बँकेचे व्याज आणि दोन टक्के यांतील फरक चार वर्षांत एखाद्या सत्राच्या फीएवढा होतो.

मलप्रभाकाठ

सर्वांचे वाचून माझ्या वहीत मी काही दुरुस्त्या केल्या. आतापर्यंत मी मुलांची कागदपत्रे पीयूसीच्या निकालानंतर तपासत होते. यापुढे नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत तपासणार, कारण एसएसएलसीच्या परीक्षेचा अर्ज भरताना नाव जसे लिहिले जाते, तसेच ते पुढे पदवीपर्यंत जाते. वारसा नोंद, एफ. आय. डी., कामगार कार्ड आणि आधार जोडणी यांपैकी एकही काम आठ दिवसांत होणारे नाही, हे तुम्हा सर्वांच्या अनुभवावरून स्पष्ट झाले.

मी सुरुवातीला लिहिलेल्या मुलीच्या घरी काल जाऊन आले. वडिलांनी बांधकाम मंडळाच्या नोंदणीसाठी ठेकेदाराकडून नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला घेतला आहे. आईने गृहलक्ष्मीतील एक हजार रुपयांची आवर्ती ठेव धाकट्या मुलासाठी सुरू केली. तो आठवीत आहे. नवे पासबुक तिने दिव्याखाली धरून दाखवले. त्यात शिक्का मारलेली एकच ओळ होती.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात मी नववी आणि दहावीच्या पालकांना बोलावले आहे. त्यांनी मुलाचे व आपले आधार कार्ड, शाळेचा दाखला, उतारा, शिधापत्रिका आणि घरात असल्यास भाग्यलक्ष्मीचा बाँड घेऊन यावे.

तिसरे_वर्ष_बीकॉम

बाई, मी आणि माझी मैत्रीण रविवारी खानापूरहून पहिल्या बसने येऊ. आम्ही लॅपटॉप आणतो, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे, ते तेथेच पाहून देता येईल. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा पालकांना तोच फोन सोबत आणायला सांगा.